रात्रीची पणजी : सांव तोमे ते फोंतेन्हास, आणि वाटेतली तावेर्नं

जुनी घरं रात्री पायी फिरून पाहायचा माझा छंद; मागच्या टप्प्यात त्याचा नकाशा पणजीच्या चर्च चौकात थांबला होता. या मोसमात तो सांव तोमे या जुन्या वस्तीतून शेजारच्या फोंतेन्हासच्या टोकापर्यंत, म्हणजे फोंत फेनिक्सच्या झऱ्यापर्यंत नेला. याच झऱ्यावरून फोंतेन्हास या वाड्याला (म्हणजे वस्तीला) नाव पडलं. सगळी पायपीट अंधार पडल्यावरच केली आणि वाटेत जिथे तावेर्न, म्हणजे फेणीचं छोटं दुकान, उघडं दिसलं तिथे बसलो.

सुरुवात आबे फारियाच्या, म्हणजे संमोहनविद्येत नाव कमावलेल्या गोव्याच्या पाद्रीच्या, पुतळ्यापासून करावी. 1945 सालचा हा पुतळा आदिलशहाच्या राजवाड्याला लागूनच आहे आणि मांडवीचा वारा इथे थेट अंगावर येतो. पोस्ट ऑफिसची इमारत मागे टाकून सांव तोमेत शिरलं की गल्ल्या अरुंद होतात. पणजी 1843 साली राजधानी झाली, पण इथली वस्ती त्याआधीपासून वाढत होती. एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या बाजूला ओरें खाडी. मधे जेवढी पट्टी उरली तेवढ्यातच घरं बसवायची होती. म्हणून भिंतीला भिंत लागलेली, दार उघडलं की पाय रस्त्यावर. दिवसा गाड्या आणि फोटो काढणारी गर्दी यांच्यात ही रचना दिसतच नाही. रात्री चढ-उतार पायांना कळतो आणि वाडा कुठे संपून टेकडी कुठे सुरू होते ते आपोआप लक्षात येतं.

रंगांचंही तसंच. पोर्तुगीज अमदानीत दर पावसाळ्यानंतर घर रंगवायचा दंडक होता आणि पांढरा रंग चर्च-चॅपेलांसाठी राखलेला असे. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यात निळी, गेरू, हिरवी घरं सगळी एकाच छटेत विरघळतात. उठून दिसतं ते फक्त सेंट सेबॅस्टियनचं पांढरं चॅपेल. इतक्या सोप्या नियमाने चॅपेल आणि घर रात्रीतही वेगळं ओळखू येतं, हे मला फार आवडलं. या चॅपेलमधल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. हा क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाच्या) राजवाड्यातून आला. तो पाहायचा तर मात्र दिवसाच यावं लागतं.

आता तावेर्न. घराच्या दर्शनी खोलीत थाटलेलं, चार-सहा जणांनी भरून जाणारं. कुठे ते पोसऱ्याच्याच (किराणा दुकानाच्याच) पोटात असतं : पुढे साबण-काडेपेटी, मागे बाकडं आणि बाटल्या. जुन्या घराची आतली उंची, भिंतीची जाडी, दाराच्या चौकटी निवांत पाहायच्या तर याहून चांगली जागा नाही, कारण बाकीची घरं लोकांची राहती आहेत. माझ्या मते या छंदात तावेर्न ही विश्रांतीची जागा नसून पाहण्याचीच जागा आहे. सांव तोमेतला जोसेफ बार आता सर्वांना ठाऊक आहे. तिथे आत जेमतेम जागा असल्यामुळे लोक दाराबाहेर उभे दिसतात. पण खरी मजा बिननावाच्या खोल्यांत आहे. तिथे ‘पात्रांव’ म्हणून मालकाला हाक मारली, एक कोप (पेला) मागितला आणि गप्प बसलं, तर शेजारचा गृहस्थ स्वतःहून वाड्याची वंशावळ सांगायला लागतो.

फेणीच्या बाबतीत माझी या वेळी बरीच प्रगती झाली. काजूचे बोंडू तुडवून काढलेला रस आंबवतात. पहिल्या धारेचा तो हुर्राक, पुन्हा भट्टीवर चढवल्यावर फेणी. हुर्राक सौम्य, साधारण 15 टक्क्यांचा, आणि मार्च ते मे एवढाच मिळतो. तो लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून घेतात. फेणी 42 टक्क्यांच्या पुढे जाते, तेव्हा ती घाईने प्यायची नाही. थोडी तळहातावर चोळून वास घ्यायचा : चांगल्या फेणीत पिकल्या बोंडूचा वास मागे रेंगाळतो. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण जिला मी शोधतोय ती माडाची फेणी. काजू पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलमधून आला. माडाची सूर, म्हणजे जिच्यापासून ही फेणी करतात तो माडाचा रस, मात्र इथली जुनी. जुन्या तावेर्नांत वेताने मढवलेले काचेचे मोठे गर्राफांव अजून दिसतात. त्यात काय भरलंय ते विचारायला लाजू नका.

एक विनंती. फोंतेन्हासमधल्या रहिवाशांना फोटोवाल्यांचा मनापासून त्रास होतो, आणि तो खरा आहे. रात्री खिडक्या उघड्या असतात, आत माणसं झोपलेली असतात. आवाज खाली ठेवा, कुणाच्या पायरीवर बसू नका, प्याला हातात घेऊन गल्लीत फिरू नका.

पुढचा टप्पा पोंत द लिन्यारिश. 1633 च्या सुमारास बांधलेला हा बांध पणजीहून रायबंदरला जातो, अंतर अंदाजे तीन किलोमीटर. तिथे पादचाऱ्याला जागा कमी आणि वाहनं वेगात, म्हणून निघायचं संध्याकाळी उजेडातच. रायबंदरला पोहोचेपर्यंत तावेर्नं उघडलेली असतील. हुर्राकचा मोसम सुरू झाला की निघतो.