जिथे गाडी थांबत नव्हती

बाबा मध्य रेल्वेवर अठ्ठावीस वर्षं मोटरमन होते. कल्याण, कसारा, कर्जत, सीएसएमटी, कधी स्लो तर कधी फास्ट. धाकट्या भावाने आम्हा दोघांना बर्लिनला बोलावलं तेव्हा त्यांनी राजवाड्यांची, संग्रहालयांची चौकशीच केली नाही. फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "तिथे ओव्हरहेड आहे का थर्ड रेल?"

भावाला सांगता येईना. पाच वर्षं तो रोज त्या गाडीने ऑफिसला जातोय, पण वीज वरून येते की खालून, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, "बाबा, रुळाच्या बाजूला एक झाकलेली पट्टी आहे. थर्ड रेल असणार." बाबांनी तो मेसेज मला दोनदा वाचायला लावला. आमच्या सहलीची आखणी तिथूनच सुरू झाली.

सप्टेंबरातले नऊ दिवस आम्ही बर्लिनमध्ये होतो आणि एकदाही टॅक्सी केली नाही. एस-बान, ऊ-बान, ट्राम, बस आणि एक बोट, सगळं एकाच तिकिटावर. एस-बान म्हणजे आपल्या लोकलसारखी, बहुतेक जमिनीवरून आणि पुलांवरून धावणारी लाल-पिवळी गाडी. ऊ-बान म्हणजे मेट्रो, पिवळी, बरीचशी जमिनीखालून. शहराचे तिकिटापुरते तीन पट्टे केलेत, ए, बी आणि सी. शहराच्या मध्याभोवती एस-बानची एक गोल लाईन आहे, तिच्या आतला भाग ए. तिथपासून शहराच्या हद्दीपर्यंत बी आणि हद्दीबाहेरचा सी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, विमानतळ सीमध्ये येतो. शहरात फिरायला एबीचं तिकीट पुरतं, पण विमानतळावरून येताना किंवा तिकडे जाताना एबीसीच लागतं.

स्टेशनात कुठेही फाटक नाही. रस्त्यावरून जिना चढलात की थेट प्लॅटफॉर्म. कागदी तिकीट काढलं की प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या खांबासारख्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उठवायचा, नाहीतर ते तिकीट असून नसल्यासारखं. पहिल्या दिवशी भाऊ ते समजावून सांगत होता, तोवर बाबांनी तिकीट यंत्रात सरकवलंसुद्धा. "अरे, आपली कूपनं," ते म्हणाले. खरंच की! लोकलच्या कूपनांची पुस्तिका, स्टेशनवरचं ते पंचिंग मशीन, ऐन गर्दीत त्याच्यापुढची रांग. मी कॉलेजात असताना रोज करायचे ते, आणि साफ विसरले होते. इथे टीसी साध्या कपड्यांत असतात. दार बंद झालं की डब्यातलाच कुणीतरी उठतो आणि ओळखपत्र दाखवून तिकीट मागतो. शिक्का नसेल तर साठ युरो दंड. नऊ दिवसांत आमची तिकिटं दोनदा तपासली.

मुंबईकराला हे सगळं पटकन जमतं. गाडी कुठे चाललीय ते शेवटच्या स्टेशनच्या नावावरून ओळखायचं, आपण 'कर्जत' किंवा 'टिटवाळा' म्हणतो तसंच. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं, ते दोन स्टेशनांत अंगवळणी पडतं. बाबांना मात्र एकच गोष्ट चैन पडू देईना. गाडीला गार्ड नाही. आपल्याकडे मागच्या केबिनमधून गार्ड दोन बेल देतो, ती ऐकल्याशिवाय मोटरमन गाडी हलवत नाही. इथे मोटरमन एकटाच. दारांची जबाबदारी त्याचीच. दारावर लाल दिवा लागतो, 'त्सुर्युकब्लायबन बिट्टे', म्हणजे मागे राहा, अशी सूचना होते आणि दारं मिटतात. बाबा प्लॅटफॉर्मच्या पुढच्या टोकाला जाऊन केबिनच्या काचेतून बघत राहायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना उलगडा झाला. "आत स्क्रीन आहे गं. सगळी दारं त्याला बसल्या जागेवरून दिसतात." मग बराच वेळ गप्प होते. "पण बेल देणारं कुणी नाही, म्हणजे दिवसभर एकटा," इतकंच म्हणाले.

भावाचं घर त्या गोल लाईनजवळच, प्रेन्झलाउअर बेर्ग भागात. एका सकाळी आम्ही ठरवून अख्खं वर्तुळ फिरलो. सदतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं, साधारण एक तास. एस ४१ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते, एस ४२ उलटी. हे वर्तुळ पहिल्यांदा १८७७ साली पुरं झालं, वाफेच्या इंजिनांच्या काळात. १९६१ साली पूर्वेच्या लोकांनी पश्चिमेत पळून जाऊ नये म्हणून पूर्व आणि पश्चिम बर्लिनच्या मध्ये भिंत उभी राहिली आणि ते तुटलं, ते पुन्हा जोडायला २००२ साल उजाडावं लागलं. डब्यात शाळेची पोरं होती, सायकल घेऊन चढलेली एक बाई होती, मांडीवर कुत्रं घेऊन बसलेले आजोबा होते. खिडकीबाहेर घरांच्या मागच्या बाजू, वाळत घातलेले कपडे, रुळांना लागून लोकांनी भाड्याने घेतलेले बागेचे लहान लहान तुकडे. एखाद्या शहराची मागची बाजू बघायची तर रेल्वेच्या खिडकीसारखी जागा नाही. ते मुंबईत खरं आहे, तसं इथेही.

शंभर नंबरची बसही घ्यावी. डबलडेकर असते, झू स्टेशनपासून आलेक्झांडरप्लात्झपर्यंत जाते, वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर शहरातल्या बऱ्याच मोठ्या इमारती बसल्या जागी दिसतात. वान्झे तलावावरची क्लाडोची बोटही साध्या एबी तिकिटावर चालते, वीस मिनिटांचा प्रवास. ऊ-बानच्या म्युझियम्सइन्झेल स्टेशनचं छत गडद निळं आहे आणि त्यावर हजारो दिव्यांच्या चांदण्या आहेत, तिथे पाच मिनिटं उतराच. तक्रार एकाच गोष्टीची. एका स्टेशनात लिफ्ट बंद होती आणि बाबांच्या गुडघ्यांना तीन जिने झेपणारे नव्हते. पुढच्या स्टेशनला जाऊन ट्रामने मागे यावं लागलं. म्हातारं माणूस सोबत असेल तर घरातून निघतानाच लिफ्ट चालू आहे का ते फोनवर बघून घ्या, ती माहिती मिळते.

ट्रामचं मला वेगळं सांगायचंय. बर्लिनचा ट्रामचा नकाशा पाहिला तर पूर्वेकडे रेषांचं दाट जाळं आणि पश्चिमेकडे जवळजवळ मोकळं. पश्चिम बर्लिनने आपल्या ट्राम एकेक करून बंद केल्या, शेवटची १९६७ साली. पूर्वेने ठेवल्या. भिंत पडून इतकी वर्षं झाली तरी ती त्या नकाशात दिसते. एम १० ट्राम बेर्नाउअर स्ट्रासेवरून, म्हणजे भिंत जिथे उभी होती त्याच रस्त्याने जाते. आम्ही तीत बसलो तेव्हा बाबा एकदम लहानपणात गेले. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली, तेव्हा ते अकरा वर्षांचे होते, आजोबांचा हात धरून दादरला उभे होते. "गर्दी इतकी होती की मला ट्राम दिसलीच नाही, नुसती घंटा ऐकू आली," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नव्हती.

बेर्नाउअर स्ट्रासेच्या टोकाला नॉर्डबानहोफ हे एस-बानचं स्टेशन आहे. जमिनीखाली उतरताना मधल्या मजल्यावर एक प्रदर्शन मांडलंय, फुकट, गाडी पकडायला जाता जाता बघता येईल असं. आम्ही तिथे दोन तास होतो.

गोष्ट अशी. भिंत १३ ऑगस्ट १९६१ ला जमिनीवर उभी राहिली, पण जमिनीखालच्या लाईनी आधीपासून होत्या तशाच होत्या. पश्चिम बर्लिनच्या दोन ऊ-बान लाईनी, आजच्या यू ६ आणि यू ८, आणि एस-बानचा उत्तर-दक्षिण बोगदा हे तिन्ही पूर्व बर्लिनच्या पोटातून जात होते. पश्चिमेतून निघायचं, पूर्वेखालून जायचं आणि पुन्हा पश्चिमेत वर यायचं. गाड्या बंद झाल्या नाहीत. मधली पूर्वेतली स्टेशनं बंद झाली. वरची दारं बुजवली, रस्त्यावरच्या पाट्या काढून टाकल्या, पूर्वेच्या नकाशांतून त्या लाईनी गेल्या. हद्दीआधीच्या स्टेशनात घोषणा व्हायची, 'लेट्स्टर बानहोफ इन बेर्लिन-वेस्ट', पश्चिम बर्लिनमधलं शेवटचं स्टेशन. त्यानंतर गाडी वेग कमी करून मिणमिणत्या उजेडातल्या रिकाम्या प्लॅटफॉर्मांवरून पुढे सरकायची आणि खिडकीतल्या माणसांना तिथे फक्त बंदूकधारी पहारेकरी दिसायचे. लोक त्या स्टेशनांना 'गाइस्टरबानहोफ' म्हणू लागले, भुतांची स्टेशनं. अठ्ठावीस वर्षं असं चाललं. त्या वाटेने जाऊ देण्याबद्दल पश्चिम बर्लिन पूर्वेला पैसे मोजत असे.

मधल्या फ्रीडरिशस्ट्रासेला तेवढी गाडी थांबायची. ते स्टेशन पूर्वेत, पण पश्चिमेच्या माणसाला तिथे उतरून खालच्या खाली दुसरी गाडी पकडता येई, मात्र वर जायचं तर सरहद्द ओलांडायची. पूर्वेला भेटीला येऊन परत निघालेली पश्चिमेची माणसं ज्या काचेच्या इमारतीतून बाहेर पडायची तिला लोकांनी नाव दिलं अश्रूंचा महाल. नातेवाइकांचा निरोप तिच्या दाराशीच घ्यावा लागे. आज तिथे संग्रहालय आहे, तेही फुकट.

बाबा एका फोटोपुढे थांबले. अंधारा प्लॅटफॉर्म, खांब आणि दोन पहारेकरी. हे पहारेकरीच गाडीतून पश्चिमेत पळून जातील या भीतीने त्यांना विटांच्या बंदिस्त खोलीत कोंडून ठेवत, तिथल्या फटीतून ते गाड्या बघत. मी हे वाचून दाखवलं. बाबांचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. "आणि मोटरमन?" त्यांनी विचारलं. "रोज ड्यूटीला यायचं, रोज तेवढ्याच स्टेशनांतून न थांबता जायचं. फास्ट लोकल घेऊन मी पण स्टेशनं सोडायचो. पण तिथे माणसं उभी असायची गं. हॉर्न द्यायचो, लोक मागे सरकायचे. इथे हॉर्न कुणासाठी द्यायचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही खाली प्लॅटफॉर्मवर गेलो आणि बाकावर बसलो. आता ते नेहमीसारखं स्टेशन आहे, दर काही मिनिटांनी गाडी येते, माणसं उतरतात, चढतात. बाबा प्रत्येक गाडी थांबताना बघत होते. चौथी गाडी गेल्यावर उठले.

सगळ्यात आधी उघडलं ते यू ८ वरचं यानोवित्सब्रुके, ११ नोव्हेंबर १९८९ ला, भिंत पडल्यावर दोनच दिवसांनी. नॉर्डबानहोफ सप्टेंबर १९९० मध्ये. पोट्सडामर प्लात्झचं एस-बान स्टेशन सगळ्यात शेवटी, १९९२ साली.

त्या प्रदर्शनाइतकीच महत्त्वाची एक गोष्ट बाबांनी निघण्याआधी घरीच शोधून ठेवली होती. बर्लिनच्या या उपनगरी रेल्वेवर विजेची पहिली गाडी ८ ऑगस्ट १९२४ ला धावली, ती इथूनच, म्हणजे नॉर्डबानहोफला तेव्हा श्टेटिन स्टेशन म्हणत तिथून, बेर्नाउ या गावापर्यंत. आणि आपली? ३ फेब्रुवारी १९२५, व्हीटी ते कुर्ला, हार्बरवरून. जेमतेम सहा महिन्यांचं अंतर. त्यांची वीज रुळाशेजारच्या पट्टीतून, आपली डोक्यावरच्या तारेतून, दोन्हीकडे डीसी. आपल्याकडे पुढे पंचवीस हजार व्होल्टची एसी आली, बाबांनी दोन्ही चालवल्या. इथे आजही डीसीच आहे.

म्हणून शेवटच्या दिवशी एबीसीचं तिकीट काढून आम्ही एस २ पकडली आणि बेर्नाउला गेलो. पहिल्या डब्यात, केबिनच्या मागच्या सीटवर. बोगद्यातून वर आल्यावर गेझुंडब्रुनेन, मग बोर्नहोल्मर स्ट्रासे. वरचा लोखंडी पूल भावाने बोट करून दाखवला, ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री सरहद्दीवरचं तपासणी नाकं उघडून लोकांना पहिल्यांदा पश्चिमेत सोडलं ते त्या पुलावर. पुढे पांको, कारोव, बूख. घरं विरळ झाली, पाइनची झाडं लागली. बाबा मोटरच्या आवाजाकडे कान देऊन होते, ब्रेक लागला की मान हलवायचे. "हात चांगला आहे याचा," एकदा म्हणाले.

बेर्नाउला लाईन संपते. गावाला जुनी दगडी तटबंदी आहे, दगडी वेस आहे, ती आम्ही नंतर पाहिली. आधी बाबा प्लॅटफॉर्मवरच थांबले. मोटरमन उतरला. तिशीची मुलगी होती, पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली. केबिनला कुलूप लावून ती गाडीच्या लांबीभर चालत दुसऱ्या टोकाला निघाली, तसं बाबांनी कल्याणला, कर्जतला हजारो वेळा केलं असेल. आमच्याजवळून जाताना बाबांनी हात वर केला. तिने थोडं थांबून पाहिलं, हसली, तिनेही हात वर केला.

बाबांनी घड्याळ बघितलं. "आता ती उलट दिशेला नेणार," ते म्हणाले. "ही गाडी जाऊ दे. सुटताना बघू या."