राजाच्या खिशातली किल्ली

रोममध्ये आमचे चारच दिवस होते. त्यातला दीड दिवस मी लेकीकडून मागून घेतला. ती मिलानला नोकरी करते. कलोसियम, व्हॅटिकन, ट्रेव्हीचं कारंजं अशी तिची यादी तयार होती. मला मात्र एक खोली बघायची होती.

ती खोली पालाझ्झो व्हेनेझियात आहे. समोरचा चौक सध्या मेट्रोच्या कामासाठी खणलेला आहे आणि सगळीकडे पत्रे लावलेत. त्या गोंगाटात उभं राहून वर पाहिलं तर दगडी वाड्याच्या मधोमध एक छोटी गॅलरी दिसते. मनात तिचं चित्र फार मोठं होतं. प्रत्यक्षात आपल्याकडच्या जुन्या वाड्याच्या सज्जाएवढीही वाटली नाही. ९ मे १९३६ रोजी हुकूमशहा मुसोलिनीने इथूनच इटलीचं साम्राज्य जाहीर केलं आणि १० जून १९४० रोजी इथूनच देशाला युद्धात लोटलं. दोन्ही वेळा हा चौक माणसांनी गच्च भरला होता.

आत आता संग्रहालय आहे. 'साला देल मापामोन्दो' हे मुसोलिनीचं १९२९ पासूनचं कार्यालय. एके काळी इथल्या भिंतीवर जगाचा नकाशा होता, त्यावरून दालनाला हे नाव पडलं; नकाशा कधीच नाहीसा झाला. अठरा मीटर लांब, पंधरा मीटर रुंद आणि वर मान दुखेल इतकं उंच असं हे दालन जवळजवळ रिकामंच असायचं. दारापासून सगळ्यात दूरच्या कोपऱ्यात त्याचं टेबल. भेटायला येणारा मंत्री असो की राजदूत, ही सगळी जमीन तुडवत त्याला तिथवर जावं लागे. मी ते अंतर चालून बघितलं. बुटांचा आवाज इतका घुमतो की चोरपावलांनी जावंसं वाटतं. रात्री इथला दिवा मुद्दाम चालू ठेवत, म्हणजे चौकातून जाणाऱ्याला वाटावं, देशासाठी हा माणूस अजून जागा आहे.

सगळी सत्ता या टेबलावर कशी येऊन पडली, हे समजून घ्यायचं म्हणून मी आले होते. एका वेळी सात-आठ खाती त्याच्याकडे असत. २४ डिसेंबर १९२५ च्या कायद्याने तो संसदेला उत्तर देणं लागत नाहीसा झाला, फक्त राजाला लागत होता. १९२६ पासून गावोगावचे निवडून आलेले महापौर गेले आणि त्यांच्या जागी वरून नेमलेला 'पोदेस्ता' आला. जानेवारी १९२७ मध्ये त्याने प्रांतांच्या प्रीफेक्टांना परिपत्रक धाडलं: प्रांतात सरकारचा सर्वोच्च अधिकारी तुम्ही, पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यानेही तुमचंच ऐकायचं. मला हे अनपेक्षित होतं. पक्षाने सरकार गिळलं अशी माझी समजूत होती. त्याने तर पक्षाच्या दांडग्या पुढाऱ्यांनाही सरकारी दोरीने बांधून ठेवलं, आणि दोरीचं टोक आपल्या हातात ठेवलं. १९२९ च्या निवडणुकीत मतदारांपुढे ४०० नावांची एकच यादी आली. ती सगळी घ्या किंवा सगळी नाकारा.

ती यादी ठरवणारी संस्था म्हणजे फॅसिझमची महापरिषद, 'ग्रान कोन्सिलियो'. ती त्यानेच १९२२ च्या डिसेंबरात स्थापली आणि १९२८ मध्ये कायद्याने राज्यघटनेत बसवली. बैठक कधी बोलवायची आणि तिच्यापुढे कोणते विषय ठेवायचे, ते तोच ठरवणार. डिसेंबर १९३९ नंतर साडेतीन वर्षं त्याने ती बोलावलीच नाही. देश युद्धात गेला तेव्हाही नाही.

इथेच मला हिंदू महासभेचे नागपूरचे पुढारी डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांची आठवण झाली. लंडनच्या गोलमेज परिषदेहून परतताना १९ मार्च १९३१ रोजी ते याच वाड्यात मुसोलिनीला भेटले होते. तशी नोंद त्यांच्या दैनंदिनीत आहे. इथल्या मुलांच्या लष्करी धर्तीच्या संघटना पाहून ते भारावले होते. मी नाशिकची, त्यांनी १९३७ मध्ये काढलेल्या भोसला मिलिटरी स्कूलवरून लहानपणी रोज गेले आहे. शिस्त त्यांना दिसली. त्या शिस्तीत प्रश्न विचारणाऱ्याला जागा नव्हती, ती गोष्ट त्यांच्या नजरेतून कशी सुटली, हा विचार त्या रिकाम्या दालनात मला फार टोचला.

महापरिषदेची शेवटची बैठक याच वाड्यात, पोपटाच्या दालनात झाली. १० जुलै १९४३ ला दोस्त सैन्य सिसिलीत उतरलं होतं, १९ जुलैला रोमच्या सान लोरेन्झो भागावर बॉम्ब पडले होते. २४ तारखेला संध्याकाळी पाचला सभासद जमले आणि पहाटे अडीचच्या सुमारास मतदान झालं. परिषदेचा एक सभासद दिनो ग्रांदी याचा ठराव साधा होता: घटनेच्या पाचव्या कलमाप्रमाणे राजाने सैन्याची सूत्रं परत आपल्या हाती घ्यावीत. एकोणीस जणांनी बाजूने मत दिलं. त्यात खुद्द मुसोलिनीचा जावई चियानो होता. वीस वर्षं मान डोलावणारी माणसं एका रात्रीत शूर झाली, असं मला वाटत नाही. बुडती नाव त्यांना दिसत होती. तरीही मत देताना जिवाची भीती होतीच, आणि ती खरी ठरली. पुढच्या जानेवारीत चियानोसह पाच जणांना व्हेरोनात गोळ्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही व्हिला तोर्लोनियाला गेलो. वर्षाला एक लिरा भाड्याने मुसोलिनी तिथे राहत असे. तिथून व्हिला आदापर्यंत चालत गेलो. राजाचं निवासस्थान या बागेत होतं. त्या वास्तूत आता इजिप्तचा दूतावास आहे, त्यामुळे फाटकाबाहेरूनच बघायचं. २५ जुलैला, रविवारी, संध्याकाळी पाचला मुसोलिनी इथे आला. परिषदेचं मत म्हणजे फक्त सल्ला, अशी त्याची खात्री होती. वीसेक मिनिटांत राजाने, तिसऱ्या व्हित्तोरियो एमानुएलेने, त्याला बडतर्फ केलं आणि बाहेर पडताच काराबिनिएरींनी, म्हणजे लष्करी पोलिसांनी, त्याला रुग्णवाहिकेत घालून नेलं. रात्री रेडिओवर बातमी सांगितली गेली. लाखो सभासदांचा पक्ष, गणवेशातली मिलिशिया, कोणी बोट उचललं नाही. वरून हुकूम आल्याशिवाय हलायचं नाही, हेच तर त्यांना शिकवलं होतं, आणि हुकूम देणारा रुग्णवाहिकेत बसला होता.

"पण आई, राजाला हे आधी नसतं का करता आलं?" लेकीने विचारलं.

करता आलं असतं. १८४८ ची जुनी घटना फॅसिस्टांनी रद्द केलीच नव्हती. मंत्री नेमायचे आणि काढायचे, हा अधिकार तिने राजाला दिला होता. १९२२ मध्ये काळे सदरे घातलेले फॅसिस्ट रोमवर चाल करून आले तेव्हा मंत्रिमंडळाने तयार केलेल्या आणीबाणीच्या हुकमावर राजाने सही केली नाही, उलट मुसोलिनीलाच बोलावून पंतप्रधान केलं. किल्ली पहिल्यापासून त्याच्याच खिशात होती.

मी तिला तिबेरच्या काठी, लुंगोतेव्हेरे आर्नाल्दो दा ब्रेशियावर घेऊन गेले. इथून १० जून १९२४ रोजी जाकोमो मात्तेओत्ती या समाजवादी खासदाराला मोटारीत कोंबून पळवलं. निवडणुकीतली दांडगाई त्याने ३० मे रोजी भर संसदेत मांडली होती. त्याचं प्रेत १६ ऑगस्टला रोमबाहेरच्या रानात सापडलं. देश हादरला. मुसोलिनीची खुर्ची डळमळत होती. विरोधक संसद सोडून बाहेर पडले आणि राजाच्या तोंडाकडे बघत बसले. राजा गप्प राहिला. ३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनीने संसदेत उभं राहून जे घडलं त्याची सगळी जबाबदारी आपल्यावर घेतली, आणि तेव्हाही कोणी त्याला हात लावला नाही.

तिथे मात्तेओत्तीचं स्मारक आहे. पलीकडून गाड्या सुसाट जातात, फारसं कोणी थांबत नाही. लेक गाडीवाटेच्या कडेला उभी राहून बोटांवर काहीतरी मोजत होती. "एकोणीस वर्षं आणि दीड महिना," ती म्हणाली. वाटेत विकत घेतलेली फुलं तिने पिशवीतून काढली आणि मला विचारलं, कुठे ठेवू.