तारीख निघून जायच्या आत

आमच्या कलाविभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी हल्ली एक काम नेमाने करते. कुठल्या प्रदर्शनाच्या एंट्री सुरू झाल्या, कुठे वर्कशॉप आहे, कुठली स्कॉलरशिप निघाली, जे दिसेल ते शेवटच्या तारखेसकट टाकायचं. मी इथे सीएचबीवर शिकवते, म्हणजे तासांवर, पण वर्गात शिकवण्याइतकंच हे काम मला महत्त्वाचं वाटतं. परवा थर्ड इयरची पोरं म्हणाली मॅडम ग्रुपवर सगळं वर वर जातं, एकदा एका ठिकाणी लिहून द्या ना, म्हणून हे लिहायला घेतलं. रत्नागिरी-सिंधुदुर्ग-रायगडातल्या कुठल्याही आर्ट कॉलेजच्या पोरांनी वाचावं, आणि त्यांच्या आईवडलांनी पण.

कोकणात हाताला कमी कोणी नाही हे मी रोज बघते. इथली पोरं गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, मोठी होतात. शाळेत असल्यापासून श्रावणात साच्यातून हात-पाय काढायचे, कडा साफ करायच्या, पुढे रंगाला बसायचं आणि एखादं पोर तर डोळ्यांची आखणी इतकी सुंदर करतं की कारखानदार तो ब्रश दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही. असं पोर फर्स्ट इयरला आलं आणि क्ले मॉडेलिंगला बसलं की खांदा कुठे वळतो, मनगट कुठे बारीक होतं हे त्याला सांगावं लागत नाही. अडतं ते पुढे. बातमी उशिरा पोचते, पोचली तर फ्रेमला पैसे नसतात, पैसे जमले तर चित्र मुंबईला न्यायचं कसं आणि तिथे राहायचं कुठे हे ठरत नाही, आणि तेवढ्यात तारीख निघून जाते.

अलिबागजवळच्या सासवण्याला करमरकरांचं शिल्पालय आहे, गेला नसाल तर जाच. विनायक पांडुरंग करमरकर १८९१ चे, याच गावचे, वडील गणपती करायचे. गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर या पोराने शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं, ते त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी बघितलं आणि त्याला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला धाडलं. पुढे १९२८ साली पुण्यात शिवाजी महाराजांचा तो मोठा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला तो याच हातांचा. मला यातलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं तर भिंतीवरचं चित्र कोणाच्या तरी नजरेस पडलं आणि त्याने पुढची व्यवस्था केली. आता देवळात कोणी साहेब येऊन भिंत बघणार नाही. आता फोटो पाठवावा लागतो, फॉर्म भरावा लागतो, फी भरावी लागते, आणि त्या पोराला हे कसं करायचं ते दाखवणारं कोणीतरी डिपार्टमेंटमधेच असावं लागतं.

तर वर्षाच्या सुरुवातीपासून बघू. पावसाळ्यात विद्यापीठाचा युवा महोत्सव. मुंबई विद्यापीठात आधी झोनच्या फेऱ्या होतात, मग फायनल, आणि तिथून पुढे राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांचा इंद्रधनुष्य महोत्सव. फाइन आर्ट्समधे ऑन द स्पॉट पेंटिंग, कोलाज, पोस्टर, क्ले मॉडेलिंग, कार्टून, रांगोळी, इन्स्टॉलेशन, स्पॉट फोटोग्राफी असे प्रकार असतात. यातल्या बहुतेकांना अडीच तास मिळतात आणि विषय तिथेच कळतो. पोरं तयारी म्हणून घरून एक चित्र पाठ करून जातात, तसं करू नका. अडीच तासात पहिली वीस मिनिटं फक्त छोट्या छोट्या स्केचमधे घालवायची सवय लावा, सात-आठ चौकटी काढा, त्यातली एक निवडा. घड्याळ लावून घरी करा, दर रविवारी एक. आणि एक गोष्ट आधी बघून घ्या, तुमचा कोर्स विद्यापीठाचा आहे की कला संचालनालयाचा डिप्लोमा आहे, कारण आपण कशात भाग घेऊ शकतो ते त्यावर ठरतं. आपल्याकडे दोन्ही प्रकारची कॉलेजं आहेत आणि पोरांना हे खूपदा दुसऱ्या वर्षापर्यंत माहीतच नसतं.

महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन हे कला संचालनालयाचं. त्यात विद्यार्थी विभाग वेगळा आणि कलाकार विभाग वेगळा, म्हणजे तुमचं चित्र मोठ्या कलाकारांच्या शेजारी लागून हरवत नाही, तुमच्या बरोबरीच्यांतच बघितलं जातं. यासाठी वर्षभराचं क्लासवर्क जपून ठेवा. मी पोरांना सांगून थकत नाही की सबमिशन झालं म्हणजे ते चित्र गादीखाली टाकायचं नाही. आपल्याकडची हवा ओली, जून ते सप्टेंबर हँडमेड पेपरवर बुरशीचे ठिपके धरतात, आणि एकदा धरले की जात नाहीत. फोल्डरमधे चित्रांच्या मधे कोरा कागद घाला, भिंतीला टेकवून ठेवू नका कारण भिंत ओल मारते, लाकडी फळीवर उंचावर ठेवा, ऊन पडलं की तास-दोन तास सावलीत पंख्याखाली काढा.

मुंबईतल्या जुन्या संस्था तुम्हाला माहीत हव्यात. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ ची, दोघींची वार्षिक प्रदर्शनं असतात. आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत सावंतवाडीचे एस. एल. हळदणकर होते हे आमच्या सावंतवाडीच्या पोरांना सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. हातात समई घेतलेल्या बाईचं ते प्रसिद्ध जलरंग चित्र, मैसूरला जगनमोहन पॅलेसमधे आहे, ज्याला लोक राजा रविवर्म्याचं समजतात, ते हळदणकरांचं. जलरंगात तो उजेड, सफेद रंग न थापता! वॉटरकलर हे कच्चं माध्यम आहे, विकलं जात नाही असं जो कोणी तुम्हाला सांगेल त्याला ते चित्र दाखवा.

जहांगीर आर्ट गॅलरीत स्वतःच्या शोसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, तो विचार आत्ता डोक्यात नको. पण तिथला मॉन्सून शो नव्या पोरांसाठीच असतो, त्याकडे लक्ष ठेवा. आणि जे. जे.चं वार्षिक प्रदर्शन बघायला जा, स्वतःचं काही लावायचं नसलं तरी जा. आपल्याच वयाची पोरं काय करतायत ते मोबाइलवर बघणं वेगळं आणि सहा फुटी कॅनव्हाससमोर उभं राहणं वेगळं. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत काळाघोडा फेस्टिव्हल असतो, १९९९ पासून चालू आहे, रस्त्यावरची इन्स्टॉलेशन्स बघायला तिकीट नाही.

आता फॉर्मबद्दल, कारण चांगली चित्रं इथेच मागे पडतात. चित्राचा फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका. सकाळी नऊ-दहाला पडवीत या, जिथे थेट ऊन नाही पण उजेड भरपूर आहे, चित्र सरळ उभं करा, मोबाइल चित्राच्या बरोबर मधोमध आणि समांतर धरा, चारही कडा दिसू देत, नंतर क्रॉप करा. फिल्टर नाही, फ्लॅश नाही. काचेची फ्रेम घालायच्या आधी फोटो काढा, नाहीतर परीक्षकांना तुमच्या चित्रात तुमचीच सावली दिसते. मापात आधी उंची लिहायची मग रुंदी. माध्यम नीट लिहा, कागदावर जलरंग, कॅनव्हासवर ॲक्रिलिक, असं. चित्राबद्दल चार ओळी मागितल्या तर निसर्गाचं सौंदर्य आणि मानवी भावना वगैरे लिहू नका, तुम्ही काय बघितलंत ते लिहा. आमच्या एका मुलीने रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर बर्फ फोडणाऱ्या बायकांची सिरीज केली होती, तिने लिहिलं की बर्फाच्या लादीतून येणारा निळा उजेड त्यांच्या हनुवटीवर खालून पडतो, तो मला काढायचा होता. बस. याच्यापुढे अजून काय पाहिजे.

फ्रेम आणि नेण्याचं. काच टाळा, ॲक्रिलिक शीट घाला, रेल्वेत काच फुटते आणि फुटलेली काच चित्र फाडते. कॅनव्हास मोठा असेल तर स्ट्रेचरवरून, म्हणजे मागच्या लाकडी चौकटीवरून, काढून प्लंबिंगच्या जाड पीव्हीसी पाइपवर गुंडाळा, रंगाची बाजू बाहेर ठेवून, आत नाही, कारण आत ठेवली की रंगाच्या थराला सुरकुत्या पडतात आणि उघडताना तडकतो. पाइप जितका जाड तितकं बरं. वरून बटर पेपर, मग बबल रॅप, मग प्लॅस्टिक, पावसाळ्यात प्लॅस्टिक दोनदा. तुतारी किंवा कोकणकन्या एक्सप्रेसने रात्री निघालं की पहाटे मुंबईत, गर्दीच्या आधी पोचता येतं. तीन-चार जणांनी मिळून एकाच्या हाती सगळी कामं पाठवली तर खर्च वाटून जातो, आमच्याकडे आता बहुतेकदा असंच करतात.

पैशांचं पण स्पष्ट लिहिते. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी स्कॉलरशिप आहे, वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, २ वर्षं, आणि त्यात गाणं-नाचाबरोबर चित्र-शिल्पसुद्धा येतं. कोकणातली लोककला करणारी पोरं पण यात बसू शकतात हे फार कमी घरांना माहीत आहे. अटी नीट वाचा, किती वर्षं शिकलात त्याचा दाखला लागतो, तो शेवटच्या आठवड्यात मिळत नाही. फीच्या सवलतीचे फॉर्म सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर वेळेत भरा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, बँकेला आधार लिंक, हे सगळं जूनमधेच करून ठेवा म्हणजे ऐन वेळी तहसीलला रांगेत उभं राहावं लागणार नाही.

सगळं मुंबईलाच आहे असं मात्र मुळीच नाही. सिंधुदुर्गातल्या पोरांना पणजी जवळ. डिसेंबरमधे तिथे सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल भरतो, २०१६ पासून, पणजीभर वेगवेगळ्या जुन्या इमारतींत प्रदर्शनं असतात, आणि सावंतवाडीहून सकाळच्या एसटीने जाऊन रात्री परत येता येतं. कोचीच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, स्टुडंट्स बिएनाले म्हणून खास आर्ट कॉलेजच्या पोरांचं प्रदर्शन असतं, आणि रत्नागिरीहून नेत्रावती एक्सप्रेसमधे बसलं की थेट एर्नाकुलम. आमच्या पोरांचं काम तिथे लागावं अशी माझी फार इच्छा आहे.

आणि अगदी आपल्या दारातलं. देवरुखला लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयात नावाजलेल्या चित्रकारांची मूळ कामं बघायला मिळतात, मूळ म्हणजे ब्रशचे फटकारे दिसणारी. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची, कळसूत्री बाहुल्या आहेत, परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यांचं कला आंगण बघता येतं. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवतात, दशावतारी गंजिफाचा एक संच म्हणजे १२० गोल पत्ते, एकेका पत्त्यावर केसाएवढ्या रेषा. अप्लाइड आर्टच्या पोरांनो, तुम्ही कॅरेक्टर डिझाइनचा प्रोजेक्ट करायला परदेशी गेम्सचे रेफरन्स काढता, एकदा तिथे जाऊन तास-दोन तास नुसतं बघत बसा. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की दशावताराच्या रंगपटात, म्हणजे नाटकवाल्यांच्या मेकअपच्या जागेत, जा, आधी विचारून, कलाकार स्वतःच स्वतःचा चेहरा रंगवत असतात, एका छोट्या आरशात, त्यासारखा पोर्ट्रेटचा क्लास कुठल्या कॉलेजात मिळणार नाही.

कातळशिल्पांचं, म्हणजे कातळावर कोरलेल्या जुन्या चित्रांचं, तर वेगळंच. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या इथल्याच लोकांनी वर्षानुवर्षं सडे, म्हणजे कातळाची पठारं, पालथे घालून ती शोधली, आणि २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या ९ जागा गेल्या, त्यातल्या उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे या रत्नागिरी जिल्ह्यातल्या. कशेळीचा हत्ती १८ मीटरच्या आसपास लांब आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी लहान लहान प्राणी कोरलेत. आपल्याला याचं मोजून-मापून ड्रॉइंग करता येतं, दोरीने चौकोन आखून, एकेक चौकोन कागदावर उतरवत. हे काम पुरातत्त्वाच्या लोकांना हवं असतं, आणि आर्टच्या पोरांचा हात त्यात तयार असतो. डिपार्टमेंटने हे दर वर्षी हाती घ्यावं म्हणून मी मागे लागलेय, परवानगी काढून, सड्यावर चप्पल बाहेर ठेवून, खडूबिडू अजिबात न वापरता.

राहिला तो राहायचाच प्रश्न. गेल्या वर्षी एका मुलीचं काम मुंबईतल्या प्रदर्शनाला निवडलं गेलं, उद्घाटनाला जायचं होतं, तिचे बाबा कॉलेजवर आले आणि म्हणाले, "मॅडम, चेडू जातला, माजी ना नाय, पण रवतला खंय?" (पोरगी जाईल, माझी ना नाही, पण राहील कुठे?) माणूस होडीवर काम करणारा, लेकीच्या चित्राचा फोटो मोबाइलवर सगळ्यांना दाखवत होता, त्याची अडचण खरी होती. शेवटी आमची एक जुनी विद्यार्थिनी डोंबिवलीला राहते, तिने दोन रात्री घरी ठेवून घेतलं, जेवण करून डब्बा दिला, उद्घाटनाला स्वतः सोबत गेली.

तेव्हापासून मी एक यादी करतेय. आपल्या कॉलेजांतून शिकून गेलेले जे कोणी मुंबई, ठाणे, पनवेल, पणजी, पुणे इथे आहेत, त्यांनी एवढंच कळवायचं की वर्षातून एखाद-दोन रात्री एक मुलगा किंवा मुलगी घरी ठेवता येईल का, नाहीतर एखादं पार्सल दादरला उतरवून गॅलरीपर्यंत पोचवता येईल का, किंवा प्रदर्शन संपल्यावर चित्र ताब्यात घेऊन आठवडाभर घरी सांभाळता येईल का. मुलींसाठी घरात बायकामाणसं आहेत का तेही लिहा, पालक पहिलं तेच विचारतात. तुमच्या वेळच्या कुठल्याही सरांना किंवा मॅडमना फोन करून सांगितलंत तरी यादी माझ्यापर्यंत येते. राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागाच्या एंट्री सुरू व्हायच्या आत किमान पनवेल आणि दादर साइडचं कोणीतरी मिळालं तर यंदा मोठ्या साइजची कामं पण पाठवता येतील.