ब्रेकअपनंतरची मैत्री, आपल्या सोलापुरात

आज संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी एका मैत्रिणीने विचारलं, "त्याच्याशी नुसती मैत्री ठेवता येईल का गं?" येईल, पण लगेच नाही.

आधी किमान दोन-तीन महिने पूर्ण बोलणं बंद. हे समोरच्याला एकदा स्पष्ट सांगायचं, नाहीतर त्याला तो अबोला वाटतो. चॅट अर्काइव्ह, स्टेटस म्यूट. गूगल मॅप्सवरचं लोकेशन शेअरिंग मात्र आठवणीने बंद करा. बहुतेकजण नेमकं हेच विसरतात आणि मग रात्री नकाशा बघत बसतात. उसने पैसे, पुस्तकं, हेल्मेट एकाच भेटीत परत. एकेक वस्तू राखून ठेवली की प्रत्येक वस्तू भेटीचं निमित्त होते.

सगळ्यात जास्त बिघडतं ते रात्री अकरानंतरच्या "झोपलीस का?" मुळे. जुनी सवय तिथूनच परत शिरते. भेटायचं तर दिवसा, चहापुरतं, तासभर.

आपलं गाव तसं लहानच. नवी पेठेत नाहीतर गड्ड्याच्या जत्रेत समोरासमोर येणारच, म्हणून दोन वाक्यं आधीच ठरवून ठेवा. कॉमन मित्रांना निरोप्या करू नका, त्यांचे हाल होतात.

आणि त्याचं दुसरीकडे जुळल्याचं कळलं तर पोटात काय होईल? खड्डा पडणार असेल तर अजून थांबा. धमक्या, संशय, मारहाण झालेली असेल तिथे मात्र मैत्रीचा विचारही नको. नंबर ब्लॉक करा आणि घरच्या कुणालातरी सांगून ठेवा.