पदकानंतरची पाने

मंगळवार, रात्र

शाळेतून निवृत्त होऊन तीन आठवडे झाले. आज कपाटाचा खालचा कप्पा आवरायला घेतला आणि कात्रणांची जुनी वही हाती आली. ३१ वर्षे दर सोमवारी परिपाठाच्या वेळी मी मुलांना एखाद्या खेळाडूची किंवा कलावंताची जीवनकथा सांगत असे, आणि त्या दहा मिनिटांची सारी सामग्री या वहीत चिकटवलेली आहे. पाने पिवळी पडली आहेत, डिंकाचे डाग अक्षरांवर पसरले आहेत, पण गोष्ट कुठे संपवायची ते दाखवणाऱ्या लाल शाईच्या रेघा अजून ठळक आहेत. त्या रेघा पाहत मी बराच वेळ जमिनीवर तशीच बसून राहिले, कारण इतकी वर्षे नजरेतून सुटलेली एक गोष्ट आज एकदम दिसली. खेळाडूंच्या जवळजवळ प्रत्येक पानावर मी जिथे रेघ ओढली आहे, तिथे ती व्यक्ती तिशीचीही झालेली नाही.

खाशाबा जाधव यांचे पान सर्वांत जास्त हाताळलेले आहे. १९२६ साली कराडजवळच्या गोळेश्वर गावी जन्म, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैशांची जुळवाजुळव. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले, हा भाग सांगताना माझा आवाज दर वेळी जड होत असे आणि मागच्या रांगेतली मुलेही शांत होत. त्यानंतर कुस्तीच्या बँटमवेट गटातले कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक, आणि गावी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक. मिरवणुकीखाली लाल रेघ आहे. त्या दिवशी खाशाबा २६ वर्षांचे होते. पुढे ते आणखी ३२ वर्षे जगले, आणि त्या ३२ वर्षांसाठी माझ्या वहीत एक ओळही नाही.

एकदा सातवीतल्या एका मुलीने हात वर करून विचारले होते, "बाई, मग नंतर ते रोज काय करायचे?" मी म्हटले, "नंतर ते पोलीस खात्यात गेले," आणि तेवढ्यात तासाची घंटा झाली. ती सुटका वाटली होती, हे आज कबूल केले पाहिजे. तिने पदकाविषयी विचारलेच नव्हते, तिने 'रोज' असा शब्द वापरला होता. तीन आठवड्यांपासून सकाळी साडेसहाला जाग येते आणि कुठेही जायचे नसते, तेव्हा त्या एका शब्दाचे वजन मला कळू लागले आहे.

गुरुवार, दुपार

दोन दिवस खाशाबांच्या त्या ३२ वर्षांच्या मागे आहे. मिरवणुकीनंतरची त्यांची पहिली नोंद करण्याजोगी गोष्ट कोणती असेल, तर ती कर्जफेडीची आहे. प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवण्यासाठी त्यांनी कुस्त्यांमधून पैसे उभे केले. ज्या अंगाने पदक मिळवले, त्याच अंगाने ऋण फेडले. गहाण ठेवण्याची गोष्ट मी ३१ वर्षे सांगितली आणि घर सोडवण्याची एकदाही सांगितली नाही, याची मला आज खरोखर लाज वाटते. पहिल्या गोष्टीत प्राचार्यांचा मोठेपणा आहे आणि दुसरीत खाशाबांचा. दुसरी वगळली की ज्याची जीवनकथा सांगायची, तोच तिच्यात घेणारा म्हणून उरतो.

१९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले आणि १९८३ मध्ये सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला, आणि दिल्लीतल्या कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव दिले गेले तेही २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. भारताला वैयक्तिक खेळातले पुढचे ऑलिंपिक पदक १९९६ मध्ये टेनिसपटू लिअँडर पेसने मिळवून दिले, म्हणजे मधली ४४ वर्षे त्या एका कांस्यपदकाशेजारी दुसरे काही नव्हते. या साऱ्याची मी आजवर उपेक्षेची कहाणी करीत आले. उपेक्षा झाली हे खरेच आहे, आणि तिच्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. परंतु २८ वर्षांची पोलीस सेवा म्हणजे केवळ उपेक्षेचा पुरावा नव्हे. ते एका माणसाचे काम होते, पदकापर्यंतच्या वाटचालीहून कितीतरी अधिक काळ चाललेले, आणि उपनिरीक्षकापासून सहायक आयुक्तापर्यंत गेलेले. त्याची कीव करण्याचा अधिकार मला कोणी दिला होता?

हेलसिंकीचे नाव निघाले म्हणून वहीतली आणखी दोन पाने शेजारी ठेवली. १९५२ च्या त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात, चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ५००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकला, आणि मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता. तिथेच १५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टर चौथा आला. हे तिघे एकमेकांशी कधी बोलले असतील असे मला वाटत नाही. पण तिघांची पुढची वर्षे मला आज एकाच पानावर वाचावीशी वाटली.

बॅनिस्टर वैद्यकाचा विद्यार्थी होता. हेलसिंकीचे अपयश घेऊन थांबण्याचा विचार त्याच्या मनात आला होता, पण तो दोन वर्षे आणखी धावला, ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस धावणे सोडले. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस म्हणून जग त्याला ओळखते, पण तो विक्रम ४६ दिवसांत मोडला, आणि मज्जासंस्थेचा तज्ज्ञ म्हणून त्याने पुढे कित्येक दशके काम केले. त्या कामाला तो स्वतः त्या मैलापेक्षा वरचे स्थान देत असे. त्याचे पान वाचून मन निवते, पण त्याचा दाखला सर्वांना लावता येणार नाही, हेही मला दिसते. त्याचे दुसरे काम आधीच वाट पाहत होते. शर्यतीच्या दिवशी सकाळीसुद्धा तो रुग्णालयात गेला होता. बहुतेक खेळाडूंना वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षापासून एकाच कामाला जुंपलेले असते, आणि ते काम सुटते तेव्हा हाताशी दुसरे काहीच नसते.

झाटोपेकची गोष्ट अवघड आहे, आणि तीच मला जास्त काळ धरून ठेवते. तो सैन्यात अधिकारी होता. १९६८ मध्ये त्याने आपल्या देशातल्या सुधारणांना उघड पाठिंबा दिला आणि सोव्हिएत सैन्य शिरल्यावर त्याचा उघड निषेध केला. त्याची किंमत म्हणून पक्षाचे सदस्यत्व गेले, सैन्यातले पद गेले, आणि पुढची काही वर्षे त्याला घरापासून दूर, जमिनीत छिद्रे घेणाऱ्या पथकाबरोबर अंगमेहनतीचे काम करावे लागले. त्या दबावाखाली त्याने आपले म्हणणे पुढे मागेही घेतले. हे शेवटचे वाक्य मुलांसमोर म्हणण्याचे धैर्य मला झाले असते का, याचा मी आज बराच वेळ विचार केला. ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत कणखर धावपटू पन्नाशीच्या उंबरठ्यावर वाकला, हे ऐकून मुलांच्या मनातला त्याचा मान कमी झाला असता असे मला आता वाटत नाही. ४२ किलोमीटर धावण्यासाठी लागणारी सहनशक्ती आणि वर्षानुवर्षे अपमान सोसण्यासाठी लागणारी सहनशक्ती या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली असलेल्याकडे दुसरीही असलीच पाहिजे, हा हट्ट आपण बाहेरून धरतो.

या झाटोपेकचे एक कृत्य मात्र माझ्या वहीत असायलाच हवे होते. ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कने लांब पल्ल्याच्या शर्यतींचे अनेक विश्वविक्रम केले, पण ऑलिंपिक सुवर्ण त्याला कधीच मिळाले नाही. तो प्रागला येऊन परत निघाला, तेव्हा झाटोपेकने निरोप देताना त्याच्या हाती एक लहान पुडके दिले. क्लार्कने ते नंतर उघडले, तर आत हेलसिंकीचे १०,००० मीटरचे सुवर्णपदक होते.

शनिवार, रात्र

आज कलावंतांची पाने वाचली. खेळाडूचे शरीर त्याला सांगते की आता पुरे, आणि तो ऐको न ऐको, घड्याळ त्याचा निकाल देते. रंगमंचावर असे घड्याळ नसते. म्हणूनच बहुधा बालगंधर्वांना थांबता आले नाही. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली, त्यांच्या स्त्रीभूमिकांनी एक अख्खी पिढी वेडावली, पोशाखांवर, दागिन्यांवर आणि रंगमंचाच्या सजावटीवर त्यांनी हात राखून खर्च केला नाही आणि मंडळी कर्जात बुडाली. १९३५ मध्ये प्रभातच्या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची पुरुषभूमिका केली, पण त्यांचे मन तिथे रमले नाही आणि ते रंगभूमीवर परतले. बोलपटांचे युग आले होते, वय वाढले होते, तरी त्यांनी स्त्रीभूमिका सोडल्या नाहीत. माझ्या वहीत हे 'अधोगती' या एका शब्दात उरकलेले आहे. तो शब्द मी आज खोडला. त्यांचा हट्ट व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचा होता, असे मी आजही म्हणेन, पण ज्याला वीस वर्षे टाळ्यांनी सांगितले की तू म्हणजेच ती नायिका, त्याने एके दिवशी शालू उतरवून ठेवावा आणि आता मी कोण, हे स्वतःला विचारावे, ही अपेक्षा किती कठोर आहे, हे पूर्वी मला उमगत नव्हते.

टेनिसपटू ब्यॉन बोर्गने याच्या अगदी उलट केले. विंबल्डन सलग पाच वेळा आणि फ्रेंच स्पर्धा सहा वेळा जिंकून १९८३ मध्ये, २६ व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. आठ वर्षांनी, १९९१ मध्ये, तो मोंटे कार्लोला परत उतरला, तेव्हा सारे जग नव्या बनावटीच्या रॅकेटने खेळत होते आणि त्याच्या हातात जुनी लाकडी रॅकेट होती. पहिल्याच सामन्यात तो हरला. ते छायाचित्र मी कधी चिकटवले नाही.

नृत्यातल्या मार्था ग्रॅहम यांचे पान छोटे आहे, पण त्यात मला हवे ते थोडेसे सापडले. सत्तरी ओलांडून कितीतरी पुढे जाईपर्यंत त्या नाचत राहिल्या, नाचणे सुटल्यावर खोल निराशेत गेल्या, आणि मग परतून १९९१ मध्ये ९६ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत इतरांसाठी नृत्यरचना करीत राहिल्या. काम तेच होते, फक्त ते आता दुसऱ्यांच्या शरीरात घडत होते. शिक्षिकेला हे कळायला हवे होते, असे मनात आले.

डॉ. श्रीराम लागूंच्या पानावर तर मी अक्षरशः थबकले. नाक-कान-घशाचे शल्यविशारद म्हणून जम बसलेला असताना १९६९ मध्ये, बेचाळिशीत, त्यांनी व्यवसाय सोडून पूर्णवेळ अभिनय पत्करला, आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'मध्ये रंगभूमीवरून निवृत्त झालेल्या वृद्ध नटाची भूमिका केली. नटाच्या पेशात नुकतेच पाऊल टाकलेल्या माणसाने तो पेशा संपल्यानंतरचे जीवन उभे केले, आणि प्रेक्षकांना ते इतके खरे वाटले की मराठी माणूस आजही त्या भूमिकेचे नाव निघाले की आधी लागूंचा चेहरा आठवतो. मी मुलांना त्यांची जीवनकथा 'डॉक्टरकी सोडण्याचे धाडस' म्हणून सांगत असे. सोडलेल्या कामाबद्दलचे दुःख त्या आवाजात कुठे मुरले असेल का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

रविवार, पहाट

झोप लवकर उघडली. शेवटचे पान अबेबे बिकिला याचे आहे. १९६० मध्ये रोमच्या रस्त्यांवरून हा इथिओपियाचा सैनिक अनवाणी धावला आणि मॅरेथॉन जिंकला. १९६४ मध्ये टोकियोला, आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया होऊन सुमारे पाच आठवडे झाले असताना, तो पुन्हा जिंकला, आणि ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा पहिला धावपटू ठरला. इथे लाल रेघ आहे. १९६९ मध्ये मोटार अपघातात त्याचे पाय कायमचे गेले. उपचारांसाठी त्याला इंग्लंडला नेले, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या अपंगांच्या क्रीडास्पर्धेत चाकाच्या खुर्चीवर बसून तो धनुर्विद्येत उतरला. १९७३ मध्ये तो गेला, तेव्हा त्याचे वय ४१ होते.

धावण्यात तो अजोड होता, आणि धनुष्य हाती घेतले तेव्हा तो नवशिका होता. दोन सुवर्णपदके मिळवलेल्या माणसाने वयाच्या अडतिसाव्या वर्षी सर्वांसमोर नवशिका व्हायला तयार होणे, हे मला रोमच्या अनवाणी धावण्याइतकेच मोठे वाटते, आणि आज पहाटे तर त्याहूनही मोठे.

सातवीतली ती मुलगी आता पस्तिशीच्या पुढे गेली असेल. तिचा पत्ता माझ्याकडे नाही. आज बाजारातून सुई-दोरा आणि कोरे कागद आणून वहीला मागे नवी पाने शिवणार आहे. पहिले पान खाशाबांचे असेल, आणि ते मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवसापासून, गहाण पडलेल्या घरापासून सुरू होईल.