कर्ण जुळला

आज दिवाळे कोळीवाड्यात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बाबांच्या छोट्या होडीसाठी ट्रेलरची फ्रेम तयार झाली. माप २४०० बाय १२०० मिलिमीटर, ५० बाय ५० चा चौकोनी पाइप, जाडी ३ मिलिमीटर.

सकाळी घाईघाईत एक कोपरा पूर्ण वेल्ड केला आणि तिथेच चुकलं. वेल्ड थंड होताना आकसतो, पाइपला आपल्याकडे ओढून घेतो. चारही कोपरे काटकोनात असतील तर दोन्ही कर्ण सारखे येतात. मोजले, तर एक दुसऱ्यापेक्षा ९ मिलिमीटरने मोठा! गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावून बघितला होता, तेव्हा कोपरा बरोबर वाटला होता. पण एवढ्या लांबीला गुण्यावर भरवसा ठेवून चालत नाही. बाबा काही बोलले नाहीत. जाळ्याची दोरी आणली, समोरासमोरच्या कोपऱ्यांत ताणली, गाठ मारली आणि तीच दुसऱ्या कर्णावर धरली. गाठ कुठे येते ते बघत राहिलो.

ग्राइंडरने जोड कापला. मग चारही कोपऱ्यांना नुसते टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, दोन्ही कर्ण २६८३ मिलिमीटर, आणि त्यानंतरच समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून थोडं थोडं वेल्डिंग. दुपार त्यातच गेली, पण फ्रेम हलली नाही.

ट्रेलर गाडीमागे जोडून रस्त्यावर न्यायचा तर आरटीओची नोंदणी लागते. आमचा हा हाताने ओढायचा, जेट्टीपर्यंतच.

खाडीच्या हवेत उघडं लोखंड लगेच तांबूस पडतं, म्हणून पाइपची तोंडं बंद करून, वायर ब्रश मारून, रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग लावूनच उठलो. बाबा अजून शेडमध्येच आहेत. ओल्या रंगाला हात न लावता, होडीचा नाळ, म्हणजे पुढचं टोक, कुठे टेकेल ते आईला दाखवतायत.