दोन समुद्रांची पापी

सोफ्याच्या मागची भिंत दोन वर्षं रिकामी होती. घर भाड्याचं, खिळा मारला की डिपॉझिट कापणार, म्हणून चिकटवायचे हुक आणून ठेवलेले आणि तेही ड्रॉवरमध्ये तसेच पडून. मग एका रात्री झोप येत नव्हती म्हणून फोन चाळत बसले आणि जुन्या पोस्टकार्डांचे मोठे प्रिंट विकणाऱ्या साइटवर हे चित्र दिसलं. दोन बायका, एक अटलांटिक आणि एक पॅसिफिक, ओठाला ओठ लावून. नाव 'द किस ऑफ द ओशन्स'. पनामा कालवा झाला त्या आनंदात काढलेलं कार्ड. रात्री दीड वाजता माणूस जे करतो तेच केलं, ऑर्डर टाकली.

प्रिंट आला तो नळीत गुंडाळून आणि चार दिवस काही केल्या सरळ होईना, शेवटी डिक्शनरी आणि तांदळाचा डबा ठेवून दाबला. मूळ कार्ड तळहाताएवढं, ते दोन फूट केलंय, त्यामुळे जवळ जाऊन बघितलं की त्या बायकांच्या गालावर जुन्या छपाईचे ठिपकेच ठिपके दिसतात, गोवर आल्यासारखे. लांबून मात्र फार गोड दिसतं.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. तिनं चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाली, "समुद्र बाई कधीपासून झाला गं?" आता याला काय उत्तर देणार! आपल्याकडे समुद्र म्हणजे नवरा, नद्या त्याच्या बायका, डोंगर माहेर, सगळं ठरलेलं आहे. पण आम्ही कऱ्हाडचे, आमच्या दारातच कृष्णा आणि कोयना येतात, त्याही समोरासमोरून, थेट एकमेकींच्या अंगावर आल्यासारख्या, आणि मग दोघी मिळून वळतात. त्याला प्रीतिसंगम म्हणतात. त्यामुळे दोन पाण्यांनी समोरून येऊन भेटायचं यात आईला नवल काहीच नव्हतं, तिचा आक्षेप फक्त लिंगाचा.

खरी गंमत पुढे आहे, ती म्हणजे हे दोन समुद्र तिथं भेटतच नाहीत.

मागच्या वर्षी पनामाला गेलो होतो तेव्हा कालव्याकाठच्या मिराफ्लोरेसच्या गॅलरीत दोन तास उभी राहून मी हे बघितलंय. कालवा साधारण 80 किलोमीटरचा, पण तो सरळ खणलेला चर नाही, जिना आहे जिना. जहाज एका समुद्रातून आत आलं की लॉकमध्ये, म्हणजे दारं असलेल्या मोठ्या हौदात घेतात, मागचं दार लावतात, वरून पाणी सोडतात आणि ते अख्खं धूड बिल्डिंगच्या लिफ्टसारखं वर येतं, असं करत 26 मीटर चढतं, मग गातून नावाच्या तलावातून आरामात जातं आणि पलीकडे परत पायऱ्या उतरतं. जुने लॉक 33.5 मीटर रुंद आणि त्यात 32 मीटरचं जहाज, म्हणजे भिंतीला खेटूनच, बघताना आपण उगाच पोट आत घेतो. आणि पंप एकही नाही, पाणी नुसतं उताराने खाली येतं. ते पाणी गोडं, पावसाचं, चाग्रेस नदी अडवून साठवलेलं. एक जहाज पार करायला जवळपास 20 कोटी लिटर लागतं आणि ते दोन्ही बाजूंनी समुद्रात जातं. 2023 ला पाऊस दगा देऊन गेला तर रोजची 36-38 जहाजं 24 वर आणावी लागली होती. थोडक्यात पापी कसली न काय, दोघींच्या मध्ये एक नदी बसलीये.

खरी भेट घडवायची होती ती फ्रेंचांना. सुएझ कालवा काढणाऱ्या लेसेप्सनी 1881 मध्ये काम काढलं, समुद्रसपाटीला खणून थेट पाण्याला पाणी लावायचं म्हणून. पण सुएझला वाळवंट होतं, इथं जंगल, सारखं कोसळणारा डोंगर, आणि पावसाळ्यात ही चाग्रेस अशी फुगायची की खणलेलं सगळं गाळात. 1889 ला कंपनी बुडाली, तोवर मलेरिया, पिवळा ताप आणि अपघातांनी माणसं किती गेली तर अंदाज 22,000 चा आहे. डास हे कारण तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं, मलेरियाचा डास रोनाल्ड रॉसनी पकडला तो 1897 ला, आपल्या सिकंदराबादेत. अमेरिकन आले 1904 ला, त्यांनी आधी डासांच्या मागे माणूस लावला, गॉर्गस नावाचा लष्करी डॉक्टर, आणि मग नदीशी भांडण्याऐवजी तिलाच अडवून मधे बसवलं. 15 ऑगस्ट 1914 ला अँकॉन जहाज पार गेलं, पण युरोपात नुकतंच महायुद्ध पेटलेलं, कौतुक करायला कोण मोकळं होतं!

कौतुक झालं ते 1915 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात. पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स त्यातलंच, बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या प्रत्येक मराठी कुटुंबाकडे तिथला पाहुण्यांसोबतचा एक फोटो असतोच. (आत्ताचं ते साठच्या दशकात पुन्हा बांधलेलं आहे.) त्या प्रदर्शनाचं पोस्टर पण प्रिंटमध्ये मिळतं, पर्हॅम नाल या चित्रकाराचं, 'हर्क्युलिसचं तेरावं काम'. हर्क्युलिस म्हणजे ग्रीक कथेतला बारा अचाट कामं करणारा वीर, कालवा हे तेरावं. आपल्याला हर्क्युलिस म्हणलं की सायकल आठवते, पण इथं एक उघडा पैलवान दोन्ही हातापायांनी डोंगर फाकवतोय आणि फटीतून लांब प्रदर्शनाचे घुमट दिसतायत. चित्र म्हणून जबरदस्त आहे, माझं बोट 'कार्टमध्ये टाका'वर गेलंही होतं. पण डोंगर फोडला तो एकट्या गोऱ्या पैलवानाने नाही हो. नुसत्या बार्बाडोसमधून जवळजवळ 20,000 माणसं आणली होती, काळी माणसं, त्यांचा पगार चांदीच्या नाण्यात, गोऱ्यांचा सोन्यात, आणि कँटीनपासून क्वार्टरपर्यंत सगळं वेगळं. अमेरिकनांच्या काळात 5,609 मेले अशी नोंद आहे, त्यात बहुतेक हेच. ते पोस्टर मी नाही घेतलं. मग बायकांच्या चित्रात तरी कुठे आहेत ती माणसं, असं नवऱ्याने विचारलं, आणि बरोबरच विचारलं, पण निदान त्यात काम मी केलं म्हणून कुणी दंड फुगवत नाही.

हे सगळं मी आईला भाजी निवडता निवडता सांगितलं. ती मेथीची पानं खुडत होती, ऐकतीये की नाही कळत नव्हतं. मधेच थांबली.

"म्हणजे ती नदी दोन्ही समुद्रांना जाते?"

"हो, पूर्वी एकाच समुद्राला जायची. आता दोन्हीकडे."

"दोन सासरं झाली की गं तिला," आई म्हणाली, आणि ताट बाजूला सारून उठली, भिंतीपाशी गेली, चित्राला नाक लावून बराच वेळ शोधत राहिली. "आणि तिलाच काढलं नाय होय यात?"